घरात मेलं कोण?

ग्यानबा मुनशी गेल्या महिन्यात वारले. तहसिलीसमोर बसणाऱ्या अर्जनवीस मंडळींनी शोकसभा ठेवली आहे, आणि त्यांच्यातल्या धर्मसिंगचं मला मुंबईला पत्र आलं आहे. सोनाजी, मुनशीजींच्या हातून फारम भरून तू साहेब झालास, तर त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहून पाठव, आम्ही सभेत वाचून दाखवू, असं त्यानं लिहिलंय. दोन रविवार मी कागद पुढे घेऊन बसलो. चांगले शब्द काही येत नाहीत. येते ती किळस. म्हणून आता जे येतंय तेच लिहितो. धर्मसिंगला दुसऱ्या चार ओळी खरडून पाठवीन, त्याचं काय एवढं.

अर्जनवीस म्हणजे दुसऱ्यांचे अर्ज लिहून देणारा माणूस. हिंगोलीत असे सात-आठजण होते, पण लिंबाखालची जागा ग्यानबा मुनशींची. लाकडी पेटी, पेटीवर इंग्रजी टाइपरायटर, बाजूला पानाचा डबा. झाडाला पत्र्याची पाटी ठोकलेली होती: ‘सर्व प्रकारचे अर्ज, फारम, दाखले. कॉलेज प्रवेशाचा सल्ला मिळेल.’ कागद उलटताना ते दर वेळी बोट जिभेला लावायचे, आणि तोंडात कायम पान. त्यामुळे त्यांच्या हातून गेलेल्या कागदाच्या कोपऱ्यावर तांबडा ओला डाग हटकून असायचा. लोक त्याला मुनशीजींचा शिक्का म्हणायचे आणि कौतुकानं हसायचे. मला तेव्हाही ओकारी यायची. त्यांना इथं अहोजाहो करतोय ते केवळ जिभेला लागलेल्या वळणामुळे.

नरसीच्या बाजूच्या एका शेतकऱ्याच्या घरातला हा माणूस. निजामाच्या काळात चार जमाती, म्हणजे चौथीपर्यंत, उर्दू शिकला आणि गावातल्या देशमुखाचे अर्ज लिहू लागला. पुढं निजाम गेला, मराठी आली, मग इंग्रजी टाइपरायटर आला आणि त्यापुरती इंग्रजीही. मुनशींनी तिन्ही बदल सुखानं पचवले, कारण अर्ज त्यांनी बदललाच नाही. वरचा ‘हुजूर’ जाऊन ‘मेहेरबान साहेब’ आला, एवढंच. खाली तोच गरीब, तोच लाचार, तोच पाया पडणारा अर्जदार.

त्यांचा एक हिशेब होता आणि त्यावर त्यांची सगळी अक्कल उभी होती. साहेबासमोर रोज पन्नास अर्ज येतात. ज्या अर्जावर साहेबाची नजर थांबते त्यावर सही होते. आणि नजर थांबते ती मरणावर. म्हणून गिऱ्हाईक समोर बसलं की पेटी उघडायच्या आधी त्यांचा पहिला सवाल यायचा, “घरात मेलं कोण?”

कोणी मेलं असलं तर ‘छान’ म्हणून बोट जिभेला जायचं. कोणी मेलं नसलं तर मुनशी उसासा टाकून घरातलं एखादं माणूस निवडायचे. नानीबाई नावाच्या एका म्हातारीला शेताची मोजणी करून हवी होती. मुनशींनी तिचा भाऊ मारला. तो भाऊ तिच्या डोक्यावर छत्री धरून शेजारीच उभा होता, आणि त्यानंच विचारलं, “मुनशीजी, मला तापानं मारलं का पटकीनं?” सगळं झाड हसलं. तिची मोजणी पंधरा दिवसांत झाली. मग दुष्काळ आला, अर्जांचा पूर आला, आणि मुनशींनी निम्मा तालुका कागदावर पुरून टाकला. कोणाला काही वाटत नसे. कागदावर मेलेला माणूस संध्याकाळी घरी येऊन भाकर खायचा.

त्यांनी खरोखरीच्या कितीतरी विधवांना पेन्शन मिळवून दिली, हे मी नाकारत नाही. धर्मसिंग सभेत तेच सांगणार. सांगू दे.

आता माझी गोष्ट. माझा बा, भिवाजी, रेल्वेत गँगमन. पूर्णा ते अकोला मीटरगेज लाईनवर हिंगोलीच्या आजूबाजूचे रूळ, स्लीपर आणि खडी एवढंच त्याचं जग. माय चतुराबाई लोकांच्या शेतात हळद काढायला जायची. चौऱ्याहत्तर साली मी बी.कॉम. झालो, कॉलेजात पहिला आलो. आमच्या सरांनी पेपरातली जाहिरात कापून दिली. मुंबईच्या एका संस्थेत धंदा-कारखाना चालवण्याचं, म्हणजे व्यवस्थापनाचं, दोन वर्षांचं शिक्षण होतं. तिथून बाहेर पडलेल्याला कंपन्या दारातून उचलतात असं सर म्हणाले. मी फारम मागवला. एकच फारम आला. त्यात इतर माहितीबरोबर एक प्रश्न होता आणि त्याला अख्खं पान सोडलेलं होतं: चार माणसांना सोबत घेऊन तुम्ही केलेलं एखादं काम सांगा.

असं काम माझ्याजवळ होतं. बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात नरसीच्या रस्त्यावर सरकारी काम निघालं होतं. तीनशे बायामाणसं खडी फोडायची. माय तिथंच होती, आणि शिकलेला म्हणून हजेरी मांडायला मला घेतलं होतं. पाण्याला एक रांजण आणि त्याच्यावर वाढायला एक बाई. आमच्या बौद्धवाड्यातल्या बायांनी लांब ओंजळ धरून बसायचं, वरून धार पडली तर पडली. उन्हं चढली, रांजण खाली गेला की आमच्यापर्यंत पाणी यायचंच नाही. एक बाई चक्कर येऊन खडीवर पडली. मी बाला सांगितलं. बा ऐकून घेत नुसता विड्या ओढत बसला. चौथ्या दिवशी तो बैलगाडीत एक मोठं पिंप घालून आठ मैल चालत कामावर आला. रेल्वेनं मोडीत काढलेलं पिंप होतं, त्यानं ते मागून घेतलं, आतून घासलं आणि लोहाराकडून खाली तोटी बसवून आणली.

तोटी असली की वाढायला कोणी लागत नाही. ज्यानं त्यानं फिरवावी आणि प्यावं. मी दोरी बांधून रांग लावली, येईल त्याचा नंबर. आमची माणसं प्याली. बाकीच्यांनी दोन दिवस तोटीला हात लावला नाही, रांजण कोरडा पडला तरी तहानेले बसले. मुकादम मला म्हणाला, पोरा, पिंप उचल, नाहीतर मार खाशील. मी उचललं नाही, आणि आमच्या बाया पिंपाभोवती बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी सुमनबाई नावाची एक शेतकऱ्याची बाई कडेवर लेकरू घेऊन आली, कोणाकडे न बघता तिनं तोटी फिरवली आणि लेकराच्या तोंडाला ओंजळ लावली. पुढं चार महिने तीनशे माणसं त्याच तोटीवर प्याली.

सरांच्या मदतीनं मी हे सगळं दोन पानांत इंग्रजीत लिहून काढलं. फारम टाइप केलेला हवा होता. सर म्हणाले, मोकळा टाइपरायटर कुठं मिळतो बघ. बा म्हणाला, “मुनशीजीकडं जाऊ. त्याचा फारम वापस येत न्हाई.” आणि कामावरचा खाडा करून तो माझ्याबरोबर आला.

मुनशींनी फारम उलटून बघितला. कोपऱ्यावर डाग पडला. मग माझ्याकडे बघून विचारलं, “घरात मेलं कोण?”

“कोणीच न्हाई,” मी म्हणालो. “हा नोकरीचा अर्ज न्हाई मुनशीजी, शिक्षणाचा हाय. मी समदं लिवून आणलंय. फकस्त टाइप करा.”

त्यांनी माझी दोन पानं वाचली. वाचताना ओठ हलत होते. वाचून झाल्यावर ती पानाच्या डब्याखाली सरकवली.

“हे न्हाई चालायचं,” ते म्हणाले. “तकलीफ हाय ह्याच्यात, पर दया न्हाई. रांग लावली, मुकादमाचं ऐकलं न्हाई... काहून लिवायचं असं? साहेब म्हणंल, हे पोरगं भांडखोर हाय.”

“त्यांनी तेच विचारलंय!”

“लेका, तीस साल झाले मी लिवून राहिलो. इचारतेत एक अन् बघतेत एक.” मग बाच्याकडे वळून म्हणाले, “भिवाजी, उद्या दुपारी पोराला लावून दे. बराबर करून ठेवतो.”

बानं हात जोडले. वाटेत मी कुरकुर केली तर मलाच म्हणाला, “त्यायला कळतं. आपण मधी बोलू नाई.”

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. बा लाईनवर होता. फारम पोचायची तारीख अशी होती, की त्याच दिवशीच्या टपालानं तो निघायलाच हवा होता. मुनशींनी फारम पुढे केला. टाइप सुरेख होता. वडिलांच्या नावाच्या रकान्यात भिवाजी, आणि त्यापुढं: मयत, सन एकोणीसशे एकोणसत्तर. कामाविषयीच्या पानभर जागेत लिहिलं होतं, की अर्जदार हा बापाविना पोरका, गरीब आणि लाचार मुलगा असून त्याची विधवा माता खडी फोडते. अशा अभाग्याच्या हातून कोणतं काम होणार? मेहेरबान साहेबांनी पदरात घ्यावं, अर्जदार जन्मभर उपकार विसरणार नाही.

तोटीचा एक शब्द नव्हता. मी ओरडलोच. “माझा बा जित्ता हाय!”

“मग काय झालं?” मुनशी म्हणाले. “त्याच्या तब्येतीला काई होत न्हाई.”

“खोडा ते.”

“खाडाखोड केलेला फारम बाद, असं त्यायनंच वर छापलंय. वाच. दुसरा हाय का तुझ्याजवळ?” त्यांनी पिंक टाकली आणि टाक माझ्यासमोर धरला. “सही कर, न्हाई तर फाडून टाक. तुझा फारम हाय.”

इथं मी स्वतःला सांभाळून घेत नाही. कोणी माझा हात धरला नव्हता. मुनशींनी तर फाडून टाक म्हणून तोंडानं सांगितलं होतं. मी अर्धा तास त्या लिंबाखाली बसलो, मुंबई, कंपनी, माय-बाला पक्कं घर, सगळं डोळ्यांपुढून नेलं आणि मयत शब्दाच्या खाली सही केली. ती सही माझ्या अक्षरात आहे, वळणदार आहे, आणि तिच्याकडे बघायची मला आजही शिसारी येते.

पाकीट घेऊन मी स्टेशनवर गेलो. बा कामावरून तिथंच आला होता. म्हणाला, पोस्टाच्या पेटीत नको टाकू, गाडीच्या टपालाच्या डब्यात माझ्या हातानं देतो, तिथला माणूस ओळखीचा आहे. त्यानं आधी नळावर हात धुतले, धोतराला पुसले आणि पाकीट दोन्ही हातांनी धरलं.

“काय लिवलं मुनशीजीनं?”

“चांगलं लिवलं, बा.”

गाडी आली. बा डब्यापर्यंत पळत गेला आणि पाकीट देऊन आला. “सांगितलं त्याला, पोराचं हाय, जपून ने,” असं म्हणून तो माझ्या पाठीवर थापटत राहिला.

महिन्याभरानं मुलाखतीचं बोलावणं आलं. पूर्णा, मनमाड करत मी मुंबईला पोचलो. टेबलाच्या पलीकडे तिघं बसले होते, त्यातले एक मराठी प्राध्यापक होते. माझं इंग्रजी अडखळायला लागलं तेव्हा ते म्हणाले, मराठीत बोल, मी ह्यांना सांगतो. मग फारम हातात धरून म्हणाले, “तुझे मार्क चांगले आहेत म्हणून बोलावलं. नाहीतर हा फारम आम्ही बाजूलाच टाकला होता. हा अर्ज आहे की दयेची भीक? खरोखर काहीच केलं नाहीस का आयुष्यात?”

मग मात्र माझी भीड मोडली. मी सगळं सांगितलं. रांजण, ओंजळ, चक्कर आलेली बाई, दोरी, मुकादमाची धमकी, सुमनबाई. तिघंही पुढे सरकून ऐकत होते. प्राध्यापक मधेमधे इंग्रजीत सांगत होते आणि त्यांचाच आवाज चढत होता. “आणि तोटीची युक्ती?” त्यांनी विचारलं. “ती कोणाची? ते पिंप आणलं कोणी?”

“माझ्या...” म्हणून मी थांबलो. फारम टेबलावर उघडा होता, वर एकोणसत्तर साल टाइप केलेलं. दुष्काळ त्र्याहत्तरचा. खरं सांगितलं असतं तर खोटा फारम भरला म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं असतं, किंवा नसतंही काढलं. मी तेवढं थांबलो नाही. “माझ्या काकांनी,” मी म्हणालो.

“मोठा माणूस दिसतो तुझा काका.”

“हो सर.”

मला प्रवेश मिळाला. ज्या गोष्टीला मुनशींनी पानाच्या डब्याखाली दाबलं तिच्यामुळेच मिळाला, पण ती गोष्ट आता चोरलेली होती. पत्र आलं त्या दिवशी बा पेढे घेऊन आधी लिंबाखाली गेला. मला नको-नको झालं, पण अडवायचं कसं आणि काय सांगून? मीही मागोमाग गेलो. मुनशींनी एकदम दोन पेढे तोंडात कोंबले आणि भरल्या तोंडानं सगळ्या झाडाला ऐकू जाईल असं म्हणाले, “भिवाजी, तुला मारला म्हणून पोरगं लागलं, बरं का! एकोणसत्तर सालीच मारून टाकला!”

सगळे हसले. धर्मसिंगही हसला होता, ते मला पक्कं आठवतं. मुनशींच्या ओठांवरून पेढ्याचा लगदा आणि पानाचा रस एकत्र ओघळत होता. बानं माझ्याकडे बघितलं. मग तोही हसला, इतरांपेक्षा थोडा उशिरा. उरलेले पेढे त्यानं सगळ्यांना वाटले आणि कागदाचा रिकामा पुडा घडी करून खिशात ठेवला.

संस्थेच्या पत्रासोबत पालकाच्या सहीचा कागद होता. वडील नसलेल्या मुलांना वसतिगृहाची फी माफ, असंही त्यात होतं. बा साक्षरतेच्या वर्गात सही शिकला होता आणि कुठंही करायला त्याला फार आवडायची. आता अंगठा मायला द्यायचा होता, विधवा म्हणून. मायनं हात मागं घेतला. “जित्या नवऱ्याची रंडकी म्हणून अंगठा देऊ मी?” ती मला म्हणाली. “असा कसा निपजलास तू माझ्या पोटी?”

बानंच शाईची डबी उघडली. “दे ना वो,” तो तिला म्हणाला. “कागदावर मेल्यानं काय व्हतं? निम्मा तालुका मेलाय.” त्यानं तिचा अंगठा धरला, शाईत टेकवला आणि कागदावर दाबला. मायनं त्या दिवशी कोणालाच जेवायला वाढलं नाही. आम्ही आपापलं घेऊन जेवलो.

दोन वर्षं मी तिथं शिकलो. संस्थेला खरं कळवायचं मी बऱ्याचदा ठरवलं. पहिल्या सत्रात भीती वाटली, दुसऱ्यात लाज वाटली, तिसऱ्यात तर फी माफ असल्याची सवयच झाली. सुट्टीत घरी गेलो की बा मुंबईची चौकशी करायचा, पण मी बघायला येतो असं कधी म्हणाला नाही. त्याला रेल्वेचा फुकट पास होता. मीही कधी ये म्हणालो नाही.

शहात्तरच्या जानेवारीत मला कावीळ झाली आणि कोणीतरी घरी कळवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वसतिगृहाच्या फाटकाशी बा उभा. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, हातात फडक्यात बांधलेल्या मायच्या भाकरी. मी भिंत धरत धरत खाली गेलो. तेवढ्यात मुलाखतीला होते ते प्राध्यापक समोरून आले. त्यांनी माझी विचारपूस केली आणि बाच्याकडे बघून विचारलं, “हे कोण?”

त्या क्षणी मी खरं सांगणार होतो. असं मी मानतो. तोंड उघडलं होतं. पण बानं माझ्या आधी हात जोडले.

“मी ह्याचा काका, साहेब,” तो म्हणाला. “भिवाजीचा भाऊ. जळबा.”

जळबा नावाचा भाऊ बाला नव्हताच. ते नाव त्यानं मुंबईपर्यंतच्या वाटेत ठरवून आणलं असणार. मुलाखतीत मी काय बोललो होतो ते त्याला मी कधीच सांगितलं नव्हतं. प्राध्यापकांचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी पुढे होऊन बाचे दोन्ही हात हातांत घेतले. “म्हणजे दुष्काळात तोटीचं पिंप आणणारे ते तुम्हीच! अहो, मी वर्गात नेहमी तुमची गोष्ट सांगतो.”

बाला समजायला जरा वेळ लागला. त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग तो प्राध्यापकांकडे वळला.

“व्हय साहेब, मीच आणलं,” तो म्हणाला. “भिवाजी असता, तर त्यानंच आणलं असतं.”

प्राध्यापकांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी मान डोलावली.